गिऱ्हाइकाची हिस्ट्रीशीट

जबलपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर शहपुरा-भिटौनी नावाचे स्थानक आहे. शहपुरा हे जबलपूर जिल्ह्यातले तहसिलीचे गाव. आजूबाजूचा टापू हिरव्या मटारासाठी नावाजलेला. या गावात आज कुणी मोबाइलवर साडी मागवते, कुणी फवारणीचा पंप, कुणी मुलाच्या परीक्षेची पुस्तके. दुकानाचे संकेतस्थळ उघडले की पडद्याच्या तळाशी एक पट्टी वर येते आणि कुकीज स्वीकारणार का, असे विचारते. घाईतले बोट बहुधा ‘स्वीकारा’ वरच पडते.

त्या पट्टीमागे दोन इतिहास आहेत. एक व्यापाऱ्याचा: कोणत्या जाहिरातीमुळे माल खपला याचा हिशेब तो कसकसा ठेवत आला, याचा. दुसरा नागरिकाचा: आपल्यावर कुणी, किती आणि कोणत्या अधिकाराने नजर ठेवायची, या भांडणाचा. पहिला बहुतांशी अमेरिकेत घडला. दुसऱ्यातली दोन महत्त्वाची पाने मात्र मध्य प्रदेशात लिहिली गेली, आणि त्यांतल्या एकावर जबलपूरचे नाव आहे.

कूपनाचा जमाना

मार्च 1870 मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग जबलपुरात पोचला आणि अलाहाबादेकडून 1867 मध्येच तिथे येऊन थांबलेल्या ईस्ट इंडियन रेल्वेला मिळाला. मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडली गेली. 1877 मध्ये टपाल खात्याने व्हीपी सुरू केली. पार्सल दारात येणार आणि पैसे पोस्टमनच्या हातात द्यायचे. दुकान शेकडो मैलांवर, दुकानदार कधी पाहिलेला नाही, अशा वेळी पैसे आधी कोण पाठवणार, हा आडगावच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न व्हीपीने मिटवला. फ्लिपकार्टने 2010 मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली, तेव्हा ती नवी युक्ती म्हणून गाजली. प्रत्यक्षात ती व्हीपीचीच नात होती.

टपालाने माल विकणाऱ्यापुढे दुसराच प्रश्न उभा राहिला. चार नियतकालिकांत जाहिरात दिली. ऑर्डर आली ती कोणती वाचून? जाहिरातीवरचा निम्मा पैसा वाया जातो, पण नेमका कोणता निम्मा ते कळत नाही, हे फिलाडेल्फियाचा व्यापारी जॉन वानामेकर याच्या नावावर चालणारे रडगाणे तेव्हाचेच. अमेरिकन जाहिरातदारांनी त्यावर कूपनाचा तोडगा काढला. प्रत्येक वृत्तपत्रातल्या कूपनावर वेगळी खूण छापायची आणि परत आलेली कूपने मोजायची. क्लॉड हॉपकिन्सने 1923 मध्ये या मोजणीवर आधारलेले जाहिरातीचे शास्त्रच पुस्तकरूपाने मांडले.

मराठी मुलखातल्या कारखानदारांनाही जाहिरातीचे मोल कळत होते. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढले, ते मुळात कारखान्याची आणि त्याच्या मालाची खबर गिऱ्हाइकांपर्यंत पोचावी म्हणून. पुढे त्याचे मराठीतले एक अग्रगण्य मासिक झाले. जुन्या मासिकांतल्या जाहिरातींखाली, पत्र लिहिताना या मासिकाचा उल्लेख करावा, अशी ओळ सापडते. तोही हिशेबच.

या पद्धतीचे तीन गुण होते, आणि ते नंतर हरवले म्हणून इथेच नोंदवायला हवेत. खूण कूपनावर असे, माणसावर नसे. कूपन कापून पाठवायचे की नाही, हे गिऱ्हाईक स्वतः ठरवी. आणि तो हिशेब त्या एका खरेदीपुरता असे. पार्सल पोचले की संपे.

खूण माणसावर आली

1994 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्या नेटस्केप कंपनीत लू मोंटुली हा तरुण प्रोग्रामर एका ऑनलाइन दुकानाच्या अडचणीवर उपाय शोधत होता. वेबला स्मरणशक्ती नव्हती. गिऱ्हाइकाने एक वस्तू टोपलीत टाकून दुसरे पान उघडले, की तो तोच माणूस आहे हे दुकान विसरे. अर्धवट राहिलेल्या खरेदीची नोंद आपल्या यंत्रावर ठेवायला, हे दुकान बनवून घेणारी एमसीआय ही कंपनी तयार नव्हती. मोंटुलीने ती नोंद गिऱ्हाइकाच्याच संगणकावर ठेवली. एक छोटीशी मजकुराची चिठ्ठी, जी ब्राउझर दर भेटीत दुकानाला दाखवतो. हीच कुकी. तिचा हेतू निर्मळ होता. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला ‘हॉटवायर्ड’ या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची पट्टीवजा जाहिरात झळकली आणि वेबवरच्या जाहिरातीचा धंदा सुरू झाला. भारतात व्हीएसएनएलने सामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 1995 ला.

चिठ्ठी आणि जाहिरात यांची गाठ पडली तिथे खेळ बदलला. दुकानाच्या पानावर तिसऱ्याच कंपनीची जाहिरात असेल, तर ती कंपनीही आपली कुकी ठेवू शकत होती. तीच कंपनी हजार संकेतस्थळांवर जाहिराती पुरवत असेल, तर त्या हजारही ठिकाणी तोच माणूस तिला ओळखू येई. 1996 मध्ये निघालेल्या डबलक्लिक या कंपनीने यावरच आपला पसारा उभा केला. पुढे तिला गूगलने 3.1 अब्ज डॉलरला विकत घेतले. धोका कुणाला दिसला नव्हता असे नाही. फेब्रुवारी 1997 मध्ये कुकीची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या मंडळींनी लेखी शिफारस केली होती, की तिसऱ्या पक्षाच्या कुकीज ब्राउझरने आपण होऊन स्वीकारू नयेत. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही बड्या ब्राउझरवाल्यांनी ती शिफारस बाजूला सारली. गिऱ्हाइकाला आधी विचारण्याची संधी तेव्हाच होती. ती गेली, आणि विचारण्याची पट्टी पडद्यावर यायला दोन दशके लागली.

2005 मध्ये गूगलने सॅन डिएगोची अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट उपलब्ध करून दिले. जाहिरातीच्या दुव्याच्या शेपटीला ‘यूटीएम’ने सुरू होणारी अक्षरे लटकलेली दिसतात, त्यातला ‘यू’ या अर्चिनचाच. ती शेपटी सांगते, की माणूस फेसबुकवरून आला, ईमेलमधून आला की शोधून आला. इथवर ती कूपनावरच्या खुणेची सख्खी बहीण आहे.

अडचण पुढे आहे. समजा, शहपुऱ्यातल्या शेतकऱ्याने सोमवारी इन्स्टाग्रामवर पंपाची जाहिरात पाहिली, बुधवारी गूगलवर किंमत शोधली आणि शनिवारी एसएमएसमधल्या सवलतीच्या दुव्यावरून पंप घेतला. श्रेय कुणाचे? शेवटच्या क्लिकला श्रेय द्यायचे म्हटले तर सगळे एसएमएसचे. तिघांत वाटायचे म्हटले, तर सोमवारचा, बुधवारचा आणि शनिवारचा माणूस एकच होता, हे दुकानाला ठाऊक हवे. म्हणजे त्याला सोमवार ते शनिवार ओळखत राहिले पाहिजे. ज्याला या धंद्यात अ‍ॅट्रिब्युशन म्हणतात, त्याची सगळी गोम इथे आहे. हिशेब जितका अचूक हवा, तितका पाठलाग लांब.

हे आता बड्या कंपन्यांपुरतेही उरलेले नाही. छोट्या दुकानदारांत लोकप्रिय असलेल्या वूकॉमर्स या प्रणालीने जानेवारी 2024 च्या 8.5 आवृत्तीत ही सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच घातली. दुकानदाराने वेगळे काही न करता प्रत्येक ऑर्डरसमोर गिऱ्हाईक कुठून आले, कोणत्या मोहिमेतून आले, कोणत्या प्रकारच्या उपकरणावरून आले आणि किती पाने पाहून त्याने खरेदी केली, हे दिसू लागले. संमतीची नोंद ठेवणाऱ्या प्लगइनशी ती जोडता येते, बंदही करता येते. पण ते करायचे हे दुकानदाराला सुचायला हवे.

पटेल, मुकद्दम आणि कोतवार

आता दुसरा इतिहास. 18 मार्च 1975 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ या खटल्याचा निकाल दिला. गोविंदची तक्रार अशी, की पोलिसांनी आपल्या नावाची हिस्ट्रीशीट, म्हणजे पाळतीची नोंदवही, उघडली आहे आणि ते वेळी-अवेळी घरी येऊन त्रास देतात. पोलिसांनी बोट दाखवले मध्य प्रदेश पोलीस नियमावलीच्या 855 आणि 856 या कलमांकडे. पाळतीखालच्या माणसाचा लौकिक, सवयी, संगत, उत्पन्न, खर्च आणि व्यवसाय यांबाबत वेळोवेळी चौकशी करावी. दिवसा-रात्री अनियमितपणे त्याच्या घरी जावे. तो घर सोडून कधी जातो, कुठे जातो, याची खबर गावच्या पटेल, मुकद्दम आणि कोतवारांनी द्यावी. आणि हे सगळे हिस्ट्रीशीटमध्ये उतरवावे, असे ती कलमे सांगत होती.

न्यायमूर्ती के. के. मॅथ्यू यांनी लिहिलेल्या निकालाने कलमे रद्द केली नाहीत. ती घटनाबाह्यतेच्या अगदी काठावर आहेत, असा इशारा मात्र दिला, आणि समाजाच्या सुरक्षेला ज्यांच्यापासून खरा धोका आहे त्यांच्यापुरतीच ती वापरावीत, असे बजावले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, खासगीपणाचा हक्क घटनेतल्या इतर हक्कांतून निघू शकतो, हे न्यायालयाने मान्य केले. डिसेंबर 1962 च्या ‘खरक सिंग’ निकालात बहुमताने ज्याला नकार दिला होता, त्याला इथे दार किलकिले झाले.

त्या नियमावलीतली यादी पुन्हा वाचावी. सवयी, संगत, उत्पन्न, खर्च, ये-जा. आज एखादे जाहिरातजाळे गिऱ्हाइकाविषयी जे गोळा करते त्यात याखेरीज फारसे काही नाही. फरक असा, की पोलिसांना हिस्ट्रीशीट उघडायला किमान संशय लागे, आणि कोतवार कोण आहे हे गावाला ठाऊक असे. दुकानाच्या पानात दडलेला एका ठिपक्याएवढा पिक्सेल हेच काम सगळ्यांच्या बाबतीत करतो आणि कुणाला दिसत नाही.

जबलपूरचे नाव

गोविंदच्या निकालानंतर शंभराच्या आसपास दिवसांत, 25 जून 1975 च्या रात्री आणीबाणी जाहीर झाली. 27 जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने काही मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याची वाट बंद केली. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली हजारो माणसे तुरुंगात गेली. त्यांतल्या शिवकांत शुक्ल यांचा अर्ज जबलपूरच्या उच्च न्यायालयात आला. हे उच्च न्यायालय म्हणजे 1936 मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या न्यायालयाचाच पुढचा अवतार. 1 नोव्हेंबर 1956 च्या राज्य पुनर्रचनेत ते जबलपुरास आले. 1 सप्टेंबर 1975 ला या न्यायालयाने सांगितले, की आणीबाणी असली तरी अटक कायद्याला धरून आहे की नाही हे आम्ही तपासू शकतो. देशातली नऊ उच्च न्यायालये याच मताची निघाली. सरकार अपिलात गेले आणि खटल्याला नाव पडले: ‘अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, की एखाद्या पोलिसाने निव्वळ वैरापोटी माणूस मारला तर न्यायालयात उपाय आहे का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले. 28 एप्रिल 1976 रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. त्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. पुढच्या जानेवारीत त्यांना डावलून मिर्झा हमीदुल्ला बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

बहुमताच्या तर्काचे सार थोडक्यात असे होते: जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात आहे, त्याची दारे बंद झाली की दाद मागायला दुसरे काही उरत नाही. म्हणजे हक्क राज्याने दिला, राज्य तो काढून घेऊ शकते. ही समजूत चाळीस वर्षे कागदावर उभी राहिली.

मुलाने फिरवलेला निकाल

कर्नाटकचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. खासगीपणा हा मूलभूत हक्कच नाही, असा पवित्रा सरकारने घेतला. 11 ऑगस्ट 2015 ला चेलमेश्वर, बोबडे आणि नागप्पन या तीन न्यायमूर्तींनी प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. या नऊ जणांत नागपूरचे शरद बोबडे होते, जे काही महिने जबलपुरात मध्य प्रदेशचे मुख्य न्यायमूर्ती होते. याच उच्च न्यायालयात न्यायाधीश राहिलेले अभय मनोहर सप्रे होते. आणि यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड होते. धनंजय चंद्रचूडांनी स्वतःसह चौघांच्या वतीने लिहिलेल्या निकालपत्रात ‘जबलपूर’ निकाल गंभीरपणे चुकीचा ठरवून रद्द केला. जगण्याचा हक्क माणसाबरोबर जन्मतो, घटना तो फक्त मान्य करते, ही त्यामागची भूमिका.

त्याच निकालपत्रात कुकीचीही दखल आहे: संकेतस्थळे वापरणाऱ्याच्या ब्राउझरवर खुणा ठेवतात आणि त्याच्या वागण्याची माहिती जमवतात, बहुधा त्याच्या नकळत. न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात कंपन्यांची नावेच घेतली. आपण कुठे जातो ते उबरला, मित्र कोण ते फेसबुकला आणि काय विकत घेतो ते अलिबाबाला माहीत असते, असे त्यांनी लिहिले. पोलिसांच्या पाळतीपासून निघालेली वाट अशी दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत आली. आणि हक्क जर राज्यानेही दिलेला नसेल, तर दुकानदाराने तो न विचारता वापरायचा प्रश्नच येत नाही. संमतीचा पाया हा आहे.

विचारण्याचा कायदा

मुंबईच्या दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 27 जुलै 2018 ला विदा (डेटा) संरक्षणाचा मसुदा दिला. त्याआधी दोनच महिने, 25 मे 2018 ला युरोपात जीडीपीआर हा विदा संरक्षणाचा कायदा लागू झाला होता. 1 ऑक्टोबर 2019 च्या ‘प्लॅनेट 49’ निकालात युरोपच्या न्यायालयाने, आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असे ठरवले. जानेवारी 2022 मध्ये फ्रान्सच्या नियामकाने, स्वीकारणे एका क्लिकवर आणि नाकारणे अनेक क्लिकवर ठेवल्याबद्दल गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. एप्रिल 2021 पासून अ‍ॅपलने आयफोनवर अ‍ॅप्सना मागोवा घेण्याआधी विचारायला लावले, तर मेटाने एका वर्षात सुमारे 10 अब्ज डॉलरच्या फटक्याचा अंदाज सांगितला. विचारले की किती लोक नाही म्हणतात, याचा यापेक्षा बोलका पुरावा नको.

भारतात 2019 चे विधेयक संसदेच्या संयुक्त समितीत रेंगाळून ऑगस्ट 2022 मध्ये मागे घेतले गेले. अखेर 11 ऑगस्ट 2023 रोजी डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यापुढे 18 महिन्यांची मुदत दिली गेली. कायदा सांगतो, की संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध हवी, आणि देणे जितके सोपे तितकेच मागे घेणे सोपे हवे. अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या 13 प्रकारांवर बंदी घातली, त्यांत ग्राहकाला नको ते करायला भाग पाडणेही आहे.

या कायद्यात एक मोठे भगदाड आहे. सार्वभौमत्व, सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना यातून वगळू शकते. गोविंदच्या दारात पोलीस उभे होते, शिवकांत शुक्लांना सरकारने कोंडले होते, पुट्टस्वामी सरकारविरुद्धच लढले. त्या लढ्यांतून निघालेला कायदा दुकानदाराला धारेवर धरतो आणि सरकारला मागच्या दाराने सोडतो, ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे.

म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही. कोणत्या जाहिरातीने माल खपला हे जाणण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. धंदा त्याशिवाय चालत नाही. पण त्यासाठी गिऱ्हाइकाची हिस्ट्रीशीट लागत नाही. दुव्याच्या शेपटीवरून ऑर्डरी मोजता येतात, सवलतीचे वेगवेगळे कोड देता येतात, आमच्याविषयी कुठे ऐकले असे सरळ विचारता येते. खूण जाहिरातीवर ठेवावी, निर्णय गिऱ्हाइकाचा असावा आणि नोंद त्या खरेदीपुरती राहावी, हा कूपनाचा जुना नियम आजही पुरेसा आहे. त्यापलीकडे जायचे असेल तर ‘स्वीकारा’ इतकेच ठळक ‘नाकारा’ हे बटण शेजारी हवे.

आणि गिऱ्हाइकासाठी एक गोष्ट. माहिती कशासाठी घेतली जात आहे याची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे. त्यात मराठी आहे. पुण्या-मुंबईत असो, नाहीतर जबलपूर-शहपुऱ्याच्या मराठी घरात, ती सूचना आपल्या भाषेत मागा, वाचा आणि पटले तरच हो म्हणा.